बहीण पोटुशी आहे आणि टोळी निघाली आहे

प्रश्न थोडक्यात असा: "माझी धाकटी बहीण २२ वर्षांची आहे. पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना सुरू आहे. सासरच्यांनी मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली आहे आणि दिवाळी झाली की टोळी सांगली जिल्ह्यात ऊस तोडायला जाणार आहे. गरोदर बाईला सरकारकडून बरंच काही मिळतं म्हणतात, पण ते गावात. उसाच्या फडावर कोण देणार? बाळंतपण कुठं करावं? आणि ते पैसे खरंच मिळतात का?"

दादा, आधी माझं मत सांगते, माहिती मागून. तिनं जाऊ नये.

मी बीड जिल्ह्यात एकतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली. सुरुवातीला उपकेंद्रावर नर्सबाई, शेवटी शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रावर आरोग्य सहायिका. दसरा झाला की आमची गावं रिकामी होताना दरवर्षी बघितली. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी, तिच्या मांडीवर नातू. त्यामुळं सासरच्यांची अडचण मला कळत नाही असं समजू नका. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या हिशेबानं उचल घेतलेली. बायको गेली नाही तर मुकादम अर्धा कोयता धरतो आणि राहिलेली रक्कम अंगावर बसते. पण हे निघायच्या आधी बोलून मिटवता येतं. जावई एकटा अर्धा कोयता म्हणून गेला किंवा दुसरा एकटा गडी त्याच्या जोडीला दिला, असं टोळीत घडत असतं. सासरच्यांशी बोलताना ‘सरकार असं म्हणतं’ हा सूर लावू नका. असं सांगा की सातव्या महिन्यानंतर तिच्याकडून मोळी उचलली जाणार नाही, खाडे पडतील, खाड्याचे पैसे कापले जातील, आणि रात्री-बेरात्री फडावरून खासगी दवाखान्यात पळवायची वेळ आली तर उचलीतलं काही हातात राहणार नाही. हा हिशेब सासऱ्याला पटतो. मी कित्येक सासऱ्यांना असाच पटवला आहे.

तरीही जायचंच ठरलं तर मधली वाट काढा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा, ती बाळंतपणाची अंदाजे तारीख. आज पाचवा असेल तर ती तारीख फेब्रुवारीच्या आसपास पडेल, म्हणजे कारखान्याच्या ऐन हंगामात. तिला जानेवारीच्या सुरुवातीला, आठवा संपायच्या आत, माहेरी आणा. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीतच आहे, त्यामुळं त्यावरून कुणी रुसणार नाही. त्याच्या पुढं ढकललंत तर सांगलीहून बीडपर्यंतचा रस्ताच जोखमीचा होतो.

आता माहिती. तिच्या गावातल्या आशाताईकडं नाव नोंदलंय का? नोंदलं नसेल तर हे उत्तर पुरं वाचायच्या आधी फोन करा. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी होती, पण झाली नसेल तर आज करा. नोंदणीबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि एक नंबर मिळतो, त्याला आम्ही आरसीएच नंबर म्हणतो. तपासण्या, गोळ्या, लसी सगळं त्या नंबरावर चढतं. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईसाठी हे कार्ड म्हणजे तिचा दवाखाना. माझ्या काळात बायका ते गावातच ठेवून जायच्या, ‘हरवेल म्हणून’. ट्रंकेत जपून ठेवलेलं कार्ड सांगलीच्या नर्सबाईला कसं दिसणार? ते बरोबर न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. आणि प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या, जावयाच्या आणि आशाताईच्या मोबाइलमध्ये ठेवा.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक गैरसमज आहे, तो काढून टाका. या सोयी गावाला बांधलेल्या नाहीत. तपासणी, लस, लोहाच्या गोळ्या, बाळंतपण हे सगळं कोणत्याही सरकारी दवाखान्यात फुकट आहे, मग बाई बीडची असो की नंदुरबारची. तिथल्या अंगणवाडीतून आहारही मागता येतो. अडतं ते दुसरीकडंच. तिथल्या आशाला ठाऊकच नसतं की तिच्या हद्दीत ऊस तोडायला आलेल्यांच्या कोपीत (उसाच्या पाल्याच्या झोपडीत) एक गरोदर बाई आहे, आणि आपल्या आशाला एवढंच ठाऊक असतं की बाई ‘गेली’. या दोघींची गाठ घालून देणं हे काम आपसूक होईल असं धरू नका. ते तुम्हाला करावं लागेल. मुकादमाला विचारताना कारखान्याचं नाव विचारून थांबू नका. कोपी कोणत्या गावाच्या शिवारात पडणार ते विचारा. तिथं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात बहिणीनं कार्ड घेऊन त्या गावच्या अंगणवाडीत जायचं. अंगणवाडीच्या ताईला आशा ठाऊक असते, आशाला नर्स ठाऊक असते. मग तिथल्या आशाचा नंबर इथल्या आशाला आणि इथल्या आशाचा तिथल्या आशाला द्यायचा. दोन फोन लागतात, जास्त काही नाही.

पैशांचं बघू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. २०१७ साली योजना आली तेव्हा तीन हप्ते होते. आता दोन आहेत. ३,००० रुपयांचा पहिला हप्ता मिळवायला शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी झालेली लागते. तुमच्या बहिणीचा पाचवा चालू आहे, म्हणजे दिवस थोडे उरलेत. २,००० रुपयांचा दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंदणी आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतो. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० रुपये एकरकमी मिळतात. सगळ्यांनाच मिळतात असं नाही, पात्रतेची यादी आहे: अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न, अशी. त्यातलं काही ना काही ऊसतोड कुटुंबाकडं असतंच. याशिवाय जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणाचे ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. मुलगी झाली आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजनेचे ५,००० जन्माच्या वेळी. ती मोठी होईल तसे पुढचे टप्पे आहेत, मिळून १ लाख १ हजार.

पैसे खरंच मिळतात का? मिळतात. पण ज्यांचे अडले ते नव्वद टक्के वेळा दोनच गोष्टींनी अडलेले मी पाहिले. एक, आधारवर माहेरचं नाव आणि बाकी कागदांवर सासरचं. दोन, खातं नवऱ्याचं. खातं बाईच्याच नावचं लागतं आणि त्याला आधार जोडलेलं लागतं. टोळी निघायच्या आधीच्या आठवड्यात बँकेत एक चक्कर मारा. फडावर गेल्यावर तिला बँकेसाठी सुट्टी कोण देणार?

या रकमेबद्दल माझं मत विचाराल तर ती तुटपुंजी आहे. नोकरदार बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ऊस तोडणारी बाई मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता म्हणून असते, तिला रजा देणारा मालकच कागदावर सापडत नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६,००० रुपये लिहिलेत. त्यातले ५,००० मातृवंदना योजनेतून, आणि बाकीचे जननी सुरक्षामधून भरून निघतात असं सरकारचं म्हणणं. भरून निघोत न निघोत, अर्ज भरा. आपल्या हक्काचे आहेत.

तपासणीला गेल्यावर काय काय व्हायला हवं हे तिला पाठ करून द्या, कारण गर्दीत एखादी गोष्ट राहून जाते आणि बाई लाजून विचारत नाही. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, पोटावरून बाळाची वाढ आणि ठोके, हे दर खेपेला. रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस एकदा तरी. साखर दोनदा: पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी. धनुर्वाताची लस (आता टीडी म्हणतात). सोनोग्राफी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर स्वतः तपासतात. मुकादमाला सांगून महिन्यातला तो एक दिवस मोकळा ठेवा. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर त्यावर गोल करून घ्या आणि बाळंतपणाच्या वेळी आल्याआल्या सांगा, नंतरचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं.

रक्ताबद्दल थोडं जास्त बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या जवळपास ४६ गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. ऊसतोडीच्या वस्त्यांवर तर ‘रक्त चांगलंय’ असं लिहायची वेळ माझ्यावर क्वचित आली. ११च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे कमी, ७च्या खाली म्हणजे थेट मोठा दवाखाना. लोहाची गोळी रोज एक, कमीत कमी १८० दिवस, रक्त कमी असेल तर दोन. बाळंतपणानंतरही १८० दिवस. कॅल्शियमच्या दोन, पण लोहाबरोबर नाही. सकाळ-दुपार कॅल्शियम आणि रात्री जेवणानंतर लोह असं ठेवलं की गोंधळ होत नाही. गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, आणि फडावर चहा दिवसातून पाच वेळा होतो. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी शेकड्यानं पाहिल्या. ते लोहाचंच आहे. गोळ्यांनी रक्त चढत नसेल तर लोहाचं इंजेक्शन शिरेतून देता येतं, मागून घ्या. बाळंतपणात रक्तस्राव कुणालाही होऊ शकतो. ज्या बाईच्या अंगात रक्त आहे ती दवाखान्यात पोचेपर्यंत टिकते. पाचवर हिमोग्लोबिन असलेली बाई थोड्या स्रावातच जाते. मी पाहिलंय म्हणून सांगते.

फडावर दुसरी एक गोष्ट होते, ती बाया कुणाला सांगत नाहीत. आडोसा नसतो म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी धरून ठेवतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो अंगावर काढला तर दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. जळजळ, थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणं असलं तर दुसऱ्याच दिवशी लघवी तपासा. जावयाला सांगा, दोन बांबू आणि एक साडी लावून आडोसा करून दे. हसाल, पण हे औषधच आहे. सहाव्या महिन्यानंतर मोळी डोक्यावर घेणं आणि रात्रीची गाडी भरणं बंद. पाचट (उसाचा वाळका पाला) गोळा करणं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधणं हेही काम कोयत्यात धरतात, तेवढंच तिनं करावं.

धोक्याच्या खुणा अशा: डोकं फार दुखणं, डोळ्यापुढं अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर आणि हातावर सूज, बरगडीखाली दुखणं. पहिलटकरणीला रक्तदाब वाढायची भीती जास्त, आणि ही त्याची खूण. दाब १४०/९० किंवा त्याच्यावर गेला की तिथंच थांबायचं नाही. झटके आले तर ‘बाहेरचं’ म्हणून कुणी भगताकडं नेऊ लागलं तर तुम्ही आडवे व्हा. अंगावरून जाणं, पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं हे सगळं त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं. पायावरची संध्याकाळची थोडी सूज बऱ्याच जणींना येते, तिनं घाबरू नका. १०८ ही तातडीची गाडी, १०२ ही गरोदर बायका आणि बाळांची. सांगताना ‘फडावर या’ म्हणून भागत नाही. कोणत्या गावच्या शिवारात, कोणत्या डांबरी रस्त्याला लागून, जवळचं देऊळ किंवा शाळा कोणती, हे तिला आणि जावयाला आधीपासून पाठ असू द्या.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात केलं तर खर्च नसायला हवा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (जेएसएसके) आहे. साधं बाळंतपण असो की सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, घरून आणणं, वरच्या दवाखान्यात पाठवायचं तर गाडी, आणि परत सोडणं हे सगळं त्यात येतं. जेवणही, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवसांपर्यंत. आजारी बाळाचे उपचार वर्षाचं होईपर्यंत. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली तर भांडू नका, शांतपणे म्हणा, ‘जेएसएसकेमध्ये बसवून द्या’. हा शब्द ऐकला की समोरच्याला कळतं की माणूस माहितगार आहे. एक मात्र लक्षात घ्या. परत सोडणारी गाडी तिथल्या कोपीपर्यंत सोडेल, बीडपर्यंत नाही. माहेरी बाळंतपण करा म्हणते त्याचं हेही एक कारण.

बाळंतपण झाल्यावर ४८ तास दवाखाना सोडायचा नाही. सगळं ठीक आहे, घरी शेक-शेगडी करू, म्हणून म्हातारी माणसं घाई करतात. बाळंतिणीचा जीव जाण्याइतका रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच होतो, आणि दाबाचे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे तिथं येते. आपल्या राज्यात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. मी नोकरीला लागले तेव्हा हे स्वप्न होतं. पण गाडी बाळंतिणीला घरी सोडून वळली की सगळ्यांना वाटतं, झालं काम. आणि बाळं जातात ती पुढच्या दिवसांत. आपल्याकडं बाळंतिणीचा सव्वा महिना धरतात. सरकारी हिशेबातही ४२ दिवसच आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरीच बाळंत झाली तर पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ असतं. एवढ्या सामानात ती बाळ थंड पडलंय का, वजन घटतंय का, श्वास मिनिटाला ६०च्या वर गेलाय का हे ओळखते.

ही रीत कुठून आली माहीत आहे? आपल्याच गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्राम या आपल्या केंद्राच्या परिसरातल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि नवजात बाळांची काळजी घरात पोचवली. ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी निघाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११पासून देशभरातल्या आशांच्या कामात ते आलं. थोडं शिकलेली बाई घड्याळ लावून श्वास मोजते आणि बाळ वाचतं, यावर आधी डॉक्टर लोकांचाच विश्वास बसत नव्हता. या सगळ्या भेटींचे मिळून आशाला २५० रुपये ठरवले, ते वेगळंच दुःख.

माझ्या हातून एकदा चूक झाली, ती सांगते. आमच्या गावची एक सून फडावर असतानाच तिकडच्या दवाखान्यात बाळंत झाली. माझ्या रजिस्टरात तिच्या नावासमोर मी लाल शाईनं ‘स्थलांतरित’ लिहून रकाना बंद केला होता. आठव्या दिवशी घरात मयत झाली म्हणून ती बाळाला घेऊन रात्रीच्या जीपनं परत आली, आणि गावात न येता शिवेवरच्या वस्तीवर उतरली. तिकडच्या आशाच्या लेखी ती गेलेली, इकडच्या माझ्या लेखी ती आलेलीच नव्हती. चार दिवसांनी लसीकरणाच्या दिवशी एका बाईनं बोलता बोलता सांगितलं, अमुकीचं बाळ कालपासून अंगावर पीत नाही. मी गेले तेव्हा बाळाचे तळपाय बर्फासारखे होते. गाडी केली, जिल्ह्याला नेलं. दुसऱ्या रात्री ते गेलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी त्या रकान्यात ‘स्थलांतरित’ हा शब्द एकटा लिहिला नाही. पुढं तिकडचा फोन नंबर आणि बाळंतपणाची तारीख लिहायची आणि तारीख उलटली की फोन करायचा, असं ठेवलं.

म्हणून तुमच्या घरात तिसरा आणि सातवा दिवस कुणीतरी बोटावर मोजत राहा. आशा आली नाही तर बोलवा. तोवर काय बघायचं ते आईला सांगून ठेवा. बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं बारीक झालं, अंग लुळं पडलं, हातपाय थंड किंवा अंग तापलं, श्वास भराभर आणि छाती आत ओढली जाते, बेंबीत पू, तळवे-तळपाय पिवळे, झटका. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळांचा वेगळा कक्ष असतो, एसएनसीयू म्हणतात, तिथं पैसे लागत नाहीत. नेताना बाळाला गाठोड्यात बांधून नेऊ नका. आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असं धरून, वरून पांघरूण घालून, डोक्याला टोपी घालून न्या. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर घरातही दिवसातले जमतील तितके तास असंच ठेवा. आई थकली तर जावई धरू शकतो, बापाची छाती तेवढीच ऊबदार असते. लाजतात, पण मग सोडतच नाहीत.

रीतिभातींशी माझं भांडण नाही. पाचवीला सटवाई पुजा, बाळंतविडा करा, डिंकाचे-अळिवाचे लाडू तर करायलाच हवेत. चार गोष्टी मात्र पाळा. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, चिकाचं दूध फेकायचं नाही, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, घुटी, पाणी काही नाही. बेंबीला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. अंघोळीची घाई नको, ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं. आणि बंद खोलीत बाजेखाली धुपणारी शेगडी नको, कोपीत तर नकोच नको. पाचटाच्या कोपीला ठिणगी पुरते, आणि धूर बाळाच्या छातीत जातो.

आईचं पथ्य हा माझा जुना वाद. पाणी कमी, भाजी नको, डाळ नको, नुसता भात नाहीतर भाकरी-तूप. अहो, तिला दूध यायचंय! तिला पोटभर पाणी, पालेभाजी, डाळ, अंडं, शेंगदाणे सगळं द्या. अंगणवाडीतला आहार बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिला मिळतो, तो घरादारात वाटू नका. बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जात असेल, घाण वास येत असेल, ताप असेल, पोटरी एकाच बाजूला सुजून दुखत असेल तर दाखवा. आणि ती गप्प गप्प झाली, बाळाकडं बघेना, झोप लागेना, रडत राहिली, तर ‘लाड नकोत’ म्हणू नका. आठवडाभर थोडं रडू येणं बऱ्याच जणींना होतं. त्यापुढं गेलं तर आशाला सांगा किंवा १४४१६ या टेली मानसच्या नंबरावर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या मुलाचा विषय सव्वा महिन्याच्या आत काढा, नाहीतर पुढच्या हंगामाला ती पुन्हा पोटुशी असेल. पाळणा लांबवायला तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, छाया गोळ्या अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालतात, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. निवड तिची, पण तिला विचारायला तर हवं. आणि एक सांगून ठेवते, पाळीच्या किंवा पांढरं जाण्याच्या तक्रारीवर कुणी लगेच ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करायची नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव त्या कारणानं २०१९मध्ये देशभर झालं, पुन्हा नको.

जन्मनोंद जिथं बाळ जन्मलं तिथंच होते, २१ दिवसांच्या आत. सांगलीत झालं तर दाखला तिकडचाच, तो हातात आल्याशिवाय परत येऊ नका, मागाहून त्याच्यासाठी तीन खेपा पडतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत तोच दाखला लागतो. लसी जन्मल्याबरोबर तीन, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. कुठल्याही गावात घेता येतात, कार्ड दाखवायचं.

राहिला फोनचा प्रश्न. टोळीत बहुतेक घरी एकच फोन असतो आणि तो जावयाच्या खिशात, दिवसभर फडात. कोपीत कळा सुरू झाल्या तर ती काय करणार? यंदाच्या भाऊबीजेला ओवाळणीत साडी देऊ नका, साधा बटणाचा फोन द्या. १०८, १०२, दोन्हीकडच्या आशा, मुकादम आणि तुम्ही, एवढे नंबर त्यात टाकून. टोळी भाऊबीजेच्या आधी निघत असेल तर निघायच्या आदल्या दिवशी जाऊन द्या.